लांबच्या माणसासोबत काम करताना

"लेबल डिझाइन करणारा कोणी ओळखीचा आहे का? अर्जंट." वसमत, कळमनुरी, सेनगाव, कुठल्याही शेतकरी गटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर हळदीच्या हंगामात असा निरोप दिसतो. खाली दोन-तीन अंगठे उमटतात, कोणी भाच्याचा नंबर टाकतो, मग कोणाच्या तरी वाढदिवसाच्या शुभेच्छा सुरू होतात आणि निरोप वर सरकून जातो. महिनाभराने दुसरा निरोप येतो: पाऊच छापून आले, पण त्यावर एफएसएसएआयचा नंबरच नाही.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या आपल्या पाच तालुक्यांच्या हिंगोली जिल्ह्यात विकण्यासारखे पुष्कळ आहे. हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात लांबलांबच्या गावांहून हळद येते. वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि वसमतलाच बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाचे हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. माल आहे, पिकवणारे आहेत, गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्याही आहेत. अडते ते पुढे: लेबल, फोटो, वेबसाइट, हिशेबाचे सॉफ्टवेअर, निर्यातीची कागदपत्रे, मालाची माहिती चांगल्या इंग्रजीत लिहिणे. ही कामे येणारी माणसे पुण्यात, हैदराबादेत, छत्रपती संभाजीनगरात बसलेली आहेत, आणि त्यांतली कितीतरी आपल्याच गावांतून गेलेली आहेत. त्यांना गाठायला आज साधने मुबलक आहेत. तरीही काम बिघडते, कारण साधन हाती येण्याआधी करायची गोष्ट आपण करत नाही.

गावात सावडीने काम करताना काहीच लिहावे लागत नाही. आज तुमच्या शेतात, उद्या माझ्या. कोण आला, कोण चुकला, कोणी किती ओळी खुरपल्या, हे सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असते. लांबच्या माणसाबरोबर काम करताना डोळ्यांसमोर काहीच नसते. तो आजारी आहे की टाळतो आहे, त्याला समजले आहे की तो नुसते 'हो' म्हणतो आहे, हे कळत नाही. गावात जे आपोआप दिसते, ते इथे लिहून दाखवावे लागते. या लेखात पुढे जे सांगितले आहे ते सगळे याच एका गोष्टीभोवती आहे.

औंढ्याजवळचा धडा

लांबून काम कसे करावे याचा फार मोठा नमुना आपल्याच जिल्ह्यात उभा राहतो आहे. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा होणार आहे. काटकोनात दोन भुजा, प्रत्येकी ४ किलोमीटर लांब. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला मंजुरी दिली. पुण्याची आयुका, इंदूरचे राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र, गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था आणि अणुऊर्जा विभागाची मुंबईतील बांधकाम शाखा अशा वेगवेगळ्या गावांतल्या संस्था त्यात एकत्र आहेत. आपल्याकडे या प्रकल्पाची चर्चा बहुधा जमिनीची आणि रोजगाराची होते. मला त्यातली काम करण्याची पद्धत तितकीच मोलाची वाटते.

१४ सप्टेंबर २०१५ रोजी, आपल्या घड्याळात दुपारचे सुमारे ३ वाजून २० मिनिटे झाली असताना, अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या लायगोच्याच दोन वेधशाळांनी पहिली गुरुत्वीय लहर टिपली. दोन्ही ठिकाणांत सुमारे ३,००० किलोमीटरचे अंतर. ती खूण पहिल्यांदा लक्षात आली ती मात्र जर्मनीतल्या हॅनोव्हर शहरात बसलेल्या मार्को द्रागो या तरुण शास्त्रज्ञाच्या. संगणकाने आपोआप पाठवलेली सूचना त्याने उघडली, शेजारच्या सहकाऱ्याला दाखवली, वेधशाळेच्या नियंत्रण कक्षात फोन लावला, आणि मग साऱ्या गटाला मेल टाकून विचारले की चाचणीसाठी कोणी मुद्दाम खोटी खूण तर घातलेली नाही ना. जगभर विखुरलेली माणसे त्याच एका मेलवर कामाला लागली. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी शोध जाहीर झाला तेव्हा निबंधावर सुमारे हजार जणांची नावे होती.

हजार माणसे, वेगवेगळ्या देशांत, बहुतेक जण एकमेकांना न भेटलेली. तरी काम पुढे गेले. त्यामागे १९९७ पासून बसवलेली शिस्त आहे. लायगोचे तेव्हाचे प्रमुख बॅरी बॅरिश यांनी त्या वर्षी वेधशाळा चालवणारी प्रयोगशाळा आणि बाहेरच्या विद्यापीठांतील शास्त्रज्ञांचा सहयोग अशी रीतसर मांडणी केली. सहयोगातला प्रत्येक गट आपण काय करणार ते लिहून देतो. प्रत्येक कागदाला क्रमांक असतो. पहिल्या शोधाच्या निबंधाचा क्रमांक पी-१५०९१४, म्हणजे त्या दिवसाचीच तारीख. आणि वेधशाळांत रोज काय झाले, कोणता पंप बंद पडला, कोणी कधी दुरुस्त केला, हे ऑनलाइन नोंदवहीत तिथल्या तिथे लिहिले जाते. ही नोंदवही कोणालाही वाचता येते. औंढ्याच्या एखाद्या शाळेतल्या मुलांना शिक्षकांनी ती एकदा उघडून दाखवावी. मोठे विज्ञान रोज किती बारीकसारीक लिहिण्यावर उभे असते ते त्यांना कळेल.

आपल्या हळदीच्या लेबलला हजार माणसे लागत नाहीत. दोन किंवा तीन लागतात. पण काय करणार ते लिहून देणे, कागद एका जागी ठेवणे आणि झालेल्या कामाची रोज नोंद करणे या तीन गोष्टी दोघांच्या कामालाही तितक्याच लागू आहेत.

कामाचा कागद

माणूस शोधण्याआधी एक पानभर लिहा. "चांगले लेबल पाहिजे" हे काम झाले नाही, ती इच्छा झाली. वाचणाऱ्याला किती वेळ लागेल, किती पैसे मागावेत आणि हे आपल्याला जमेल का, या तिन्हींचा अंदाज त्या पानावरून यायला हवा. समजा, एका शेतकरी कंपनीला पाऊचचे डिझाइन करून घ्यायचे आहे. तिचा कागद असा असू शकतो:

"५०० ग्रॅम हळद पावडरच्या स्टँड-अप पाऊचची पुढची आणि मागची बाजू. पाऊच छापणाऱ्याने दिलेले माप सोबत जोडले आहे. मजकूर मराठी आणि इंग्रजी. तो आम्ही युनिकोडमध्ये टाइप करून, दोघांनी तपासून देऊ. त्यात एफएसएसएआय क्रमांक, निव्वळ वजन, किंमत, बॅच, पॅकिंगची तारीख, शाकाहारी चिन्ह, पत्ता आणि तक्रारीसाठी फोन आहे. आम्हाला हवे: छपाईची पीडीएफ, ओपन फाइल (पुढे बदल करता येईल अशी मूळ फाइल) आणि मोबाइलवर पाठवायला जेपीजी. पहिला नमुना ५ दिवसांत, दोन वेळा दुरुस्ती, अंतिम फाइल १५ दिवसांत. मोबदला तीन टप्प्यांत. आमच्याकडून निर्णय एकच संचालक देतील. त्या रोज संध्याकाळी ६ ते ७ फोनवर भेटतील."

यातल्या दोन गोष्टींवर थोडे थांबावे लागेल. पहिली युनिकोडची. आपल्याकडच्या बऱ्याच डीटीपीवाल्यांकडे मजकूर अजून श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतो. तो मजकूर पुण्यातल्या डिझायनरच्या संगणकावर गेला की 'हळद'च्या जागी अर्थहीन खुणा दिसतात, तो अंदाजाने पुन्हा टाइप करतो आणि ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पाऊचवर छापल्या जातात. मजकूर मोबाइलवर मराठी कळफलकाने टाइप केला तरी तो युनिकोडच असतो, म्हणून हे अवघड नाही. छापलेल्या जुन्या कागदाचा फोटो पाठवून "यातले घ्या" असे मात्र सांगू नका.

दुसरी गोष्ट निर्णयाची. दहा संचालकांच्या ग्रुपवर नमुना टाकला की एकाला पिवळा गडद हवा असतो, दुसऱ्याला फिका, तिसऱ्याला वर नागनाथाच्या मंदिराचे चित्र. डिझायनर प्रत्येकाचे ऐकत बसतो आणि महिना जातो. तुम्ही आपापसांत हवी तितकी चर्चा करा, पण बाहेरच्या माणसाशी बोलणारा आवाज एकच ठेवा. नमुना कंपनीच्या बैठकीत ठेवून सगळ्यांची मते एका कागदावर घ्यायची आणि ती एकदाच कळवायची.

लेबलवर भौगोलिक मानांकनाचे चिन्ह टाकायचे असेल तर त्यासाठी शेतकरी किंवा संस्था अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदलेली असावी लागते. हे डिझायनरला माहीत असण्याची अपेक्षा ठेवू नका. तुम्हीच आधी पाहून कागदात लिहा.

माणूस कुठे सापडतो

आधी जवळ पाहा. जिल्ह्यातली आयटीआय, तंत्रनिकेतन आणि महाविद्यालये इथून दरवर्षी मुले-मुली बाहेर पडतात. त्यांतले कोण काय करते हे शिक्षकांना माहीत असते. लिंक्डइनवर महाविद्यालयाचे पान उघडले तर तिथले माजी विद्यार्थी कोणत्या शहरात, कोणत्या कामात आहेत हे दिसते. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे नाव टाकून शोधा, परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचे टाकून शोधा. आपल्या भागातली किती माणसे किती वेगवेगळ्या कामांत आहेत हे पाहून हुरूप येतो. अशा माणसाला निरोप पाठवताना गावाची ओळख सांगा, पण गावाच्या नात्याने काम फुकट मागू नका. गावाची ओढ असलेला माणूस एकदा फुकट करून देईल. दुसऱ्यांदा तो फोन उचलणार नाही, आणि त्यात त्याची चूक नसेल.

ओळखीतून मिळाले नाही तर काम पाहून माणूस निवडता येईल अशा ठिकाणी जा. डिझायनर आपली कामे बिहान्सवर मांडतात, प्रोग्रामर गिटहबवर. गिटहबवर कोणी कोणत्या दिवशी कोणता बदल केला ते दिसते, त्यामुळे नुसत्या बढाया तिथे टिकत नाहीत. पैसे देऊन ठरावीक काम करून घ्यायचे असेल तर अपवर्क, फायवर ही ठिकाणे आहेत. पैसे आधी मंचाकडे जमा होतात आणि काम मिळाल्यावर पुढे जातात, हा त्यांचा मोठा फायदा. त्यासाठी ते कमिशन घेतात. फायवर काम करणाऱ्याच्या रकमेतून २० टक्के कापते. तो भार शेवटी दरात येतो हे धरून चाला. मंचावर ओळख झाल्यावर "बाहेर थेट पैसे द्या, स्वस्तात करतो" असे कोणी म्हणाले तर नकार द्या. बाहेर गेलात की तक्रारीची सोय गेली.

विद्यार्थ्यांना दोन-तीन महिन्यांसाठी घ्यायचे असेल तर इंटर्नशाला उपयोगी आहे. नोकरीच्या स्वरूपाचे काम असेल तर केंद्राचे नॅशनल करिअर सर्व्हिस आणि राज्याचे महास्वयं ही सरकारी संकेतस्थळे आहेत. दोन्हीकडे नोंदणीला पैसे लागत नाहीत.

सगळेच कौशल्य असे विकत शोधायचे नसते. हळदीवरची कंदकूज, बेण्याची निवड, शिजवणे, पॉलिश, यांवर सल्ला हवा असेल तर तोंडापूरचे कृषी विज्ञान केंद्र आणि परभणीचे कृषी विद्यापीठ हीच खरी ठिकाणे. ज्या शेतात रोग पडला त्याचे नीट फोटो, जमिनीचा प्रकार, लागवडीची तारीख, दिलेल्या फवारण्या इतके लिहून पाठवले तर तज्ज्ञालाही उत्तर देता येते. "पान पिवळे पडले, काय मारू?" या प्रश्नाला फोनवरून प्रामाणिक उत्तर देता येत नाही.

निवडताना गुण, तारे आणि अभिप्राय पाहा, पण त्यावर थांबू नका. त्याने दाखवलेल्या एका कामावर बोट ठेवून विचारा: यात तुमचा स्वतःचा वाटा कोणता होता? खरे काम केलेला माणूस लगेच बारीक तपशील सांगतो: फोटो दुसऱ्याने काढले, मजकूर ग्राहकाने दिला, मांडणी मी केली, छपाईत पिवळा रंग गडद आला म्हणून पुन्हा दुरुस्त केला. उसने काम दाखवणारा "सगळे मीच" म्हणतो.

त्यानंतर एक लहान काम द्या आणि त्याचे पैसे द्या. पूर्ण पाऊच देण्याआधी फक्त मागच्या बाजूची मांडणी करायला सांगा. त्यात तुम्हाला त्याची कला कळेलच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो वेळ पाळतो का, न समजलेले विचारतो का, उशीर होणार असेल तर आधी कळवतो का, हे दिसेल. चाचणी म्हणून पाच जणांकडून फुकट नमुने काढून घ्यायचे आणि त्यातला एक वापरायचा, हा प्रकार मी अन्यायाचा मानतो. शिवाय तो महागात पडतो: चांगला कारागीर अशा ठिकाणी येतच नाही, आणि उरतात ते कुठून तरी उचललेले चित्र खपवणारे.

बोलणे एका ठिकाणी, काम दुसऱ्या ठिकाणी

व्हॉट्सअ‍ॅप सगळ्यांच्या हातात आहे म्हणून सगळे काम तिथेच होते, आणि तिथेच हरवते. कोणती फाइल शेवटची, भाव किती ठरला, 'चालेल' हे कोणत्या नमुन्याला म्हटले होते, हे शोधायला शेकडो निरोप वर जावे लागते. फोन बदलला की जुनी फाइल बऱ्याचदा पुन्हा उतरत नाही. व्हॉट्सअ‍ॅप बोलायला ठेवा. ठरलेले मात्र दुसरीकडे लिहा.

लहान गटाला त्यासाठी एक गुगल शीट पुरते. पाच रकाने करा: काम काय, कोणाकडे, कोणत्या तारखेपर्यंत, आज कुठवर आले, फाइल कुठे आहे. फोनवर काही ठरले की दोन ओळींत त्या शीटमध्ये लिहायचे आणि ग्रुपवर फक्त "शीटमध्ये नोंद केली" असे कळवायचे. सुरुवातीला हे किचकट वाटेल. दहा दिवसांनी एखादा वाद दोन मिनिटांत मिटला की सवय लागेल. कागद, फोटो आणि डिझाइन गुगल ड्राइव्हच्या एकाच फोल्डरमध्ये ठेवा. एका खात्याला १५ जीबी जागा फुकट मिळते, पण मेल आणि फोटोही त्यातच मोजले जातात, म्हणून कंपनीचे खाते स्वतंत्र असावे. फाइलच्या नावात तारीख टाका. 'फायनल', 'फायनल नवीन', 'फायनल शेवटचे' अशा नावांनी जितके चुकीचे पाऊच छापले गेले असतील तितके दुसऱ्या कशाने नसतील.

कामे वाढली, माणसे आठ-दहा झाली की ट्रेलोसारखे फळ्याचे साधन घ्या. त्यात प्रत्येक काम एका चिठ्ठीवर असते आणि ती 'करायचे', 'चालू', 'झाले' अशा रकान्यांतून सरकवायची. शीटपेक्षा ते डोळ्यांना सोपे, आणि ज्यांना इंग्रजी वाचायला आवडत नाही त्यांच्यासाठी चिठ्ठ्या मराठीत लिहिता येतात. स्लॅकचे कौतुक बरेच ऐकू येते. त्याच्या फुकट योजनेत ९० दिवसांपलीकडचे निरोप दिसत नाहीत. ज्यांचा हंगाम लागवडीपासून काढणीपर्यंत आठ-नऊ महिन्यांचा आहे त्यांना ते कमी पडते. सॉफ्टवेअरचे काम असेल तर मात्र गिटहबला पर्याय शोधत बसू नका. तिथे फुकट खात्यावरही खासगी प्रकल्प ठेवता येतो आणि सोबत किती जण आहेत याला बंधन नाही.

व्हिडिओ बैठकांचा सोस आवरावा असे माझे मत आहे. झूमच्या फुकट बैठकीला ४० मिनिटांची मर्यादा आहे, गुगल मीटवर तीन किंवा अधिक जण असतील तर ६० मिनिटांची. पण खरी मर्यादा नेटवर्कची आहे. वीज गेली, रेंज गेली की बोलणे तुटते आणि अर्धवट ऐकलेले पूर्ण समजल्याचे भासवले जाते. आठवड्यातून एक लहान बैठक, तीही आधी मुद्दे लिहून पाठवून, पुरेशी असते. बाकी लिहा. लिहिता येत नसेल किंवा डोळ्यांना त्रास असेल तर व्हॉइस निरोप चालेल, पण तो ऐकून मुद्दे शीटमध्ये उतरवणारे एक माणूस ठरवा. बचत गटांत हे काम बारावी झालेली एखादी मुलगी फार चांगले करते, आणि त्या कामाचेही मानधन ठरवावे.

एक धोका इथेच सांगतो. ड्राइव्हवरची फाइल 'लिंक असलेल्या कोणालाही' अशी उघडी ठेवू नका. सभासदांचे आधार क्रमांक, बँक खाती, सातबारे असलेला फोल्डर डिझायनरला दिसायचे काहीच कारण नाही. ज्याला जेवढे लागते तेवढेच त्याच्या मेलवर उघडा.

पैसे आणि हक्क

मोबदला टप्प्यांनी द्या: थोडा सुरुवातीला, थोडा नमुना मान्य झाल्यावर, उरलेला ओपन फाइल हातात आल्यावर. शेवटचा हप्ता आणि ओपन फाइल यांची सांगड सोडू नका. यूपीआयने पैसे पाठवताना शेऱ्यात कामाचे नाव आणि टप्पा लिहा, आणि बिल मागून घ्या. पैसे ठरलेल्या दिवशी द्या. लांबच्या माणसाचा विश्वास बसतो तो यावरच.

हक्कांची गोष्ट बहुतेकांना माहीत नसते. आपण पैसे दिले म्हणजे डिझाइन आपले झाले, असे आपोआप होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर ते लेखी आणि सहीनिशी व्हावे लागते. त्या लेखात मुदत लिहिली नाही तर ती ५ वर्षे धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नाही तर हक्क फक्त भारतापुरते मिळाले असे मानले जाते. ज्या कंपनीला उद्या दुबईला किंवा युरोपात हळद पाठवायची आहे तिने हे दोन शब्द विसरू नयेत. साध्या कागदावर पाच-सहा ओळी पुरतात: कोणते काम, किती मोबदला, हक्क कायमचे आणि जगभरासाठी कंपनीकडे, डिझायनरला नमुना म्हणून दाखवण्याची मुभा, तारीख, दोघांच्या सह्या. नमुना दाखवण्याची मुभा जरूर द्या. त्याला पुढचे काम त्यावरच मिळते.

ज्यांच्याकडे कौशल्य आहे त्यांच्यासाठी

हे झाले काम देणाऱ्यांचे. सेनगावात किंवा औंढ्यात बसून काम मिळवू पाहणाऱ्या तरुणांची अडचण उलटी आहे: अनुभव दाखवा म्हणतात, आणि काम मिळाल्याशिवाय अनुभव येत नाही. यातून बाहेर पडायचा एक रस्ता म्हणजे सर्वांसाठी खुल्या असलेल्या कामात उतरणे. १ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियावर तुम्ही केलेला प्रत्येक बदल तुमच्या नावाने आणि तारखेने नोंदला जातो. नरसी नामदेव, औंढ्याचे मंदिर, आपल्या तालुक्यातली धरणे, पिके यांवर संदर्भ देऊन, तटस्थपणे चार चांगले लेख उभे केले तर तुम्हाला लिहिता येते, पुरावा शोधता येतो आणि अनोळखी माणसांनी केलेली दुरुस्ती शांतपणे स्वीकारता येते, हे कोणालाही उघडून पाहता येईल. ओपनस्ट्रीटमॅपवर वाड्या-तांड्यांचे रस्ते, शाळा, पाणवठे नोंदवता येतात. मोझिलाच्या कॉमन व्हॉइसवर मराठीत वाक्ये वाचून आवाज देता येतो आणि इतरांचे आवाज तपासता येतात. उद्याची मराठी बोलणारी यंत्रे आपल्या मराठवाडी उच्चारांना ओळखतील की नाही हे अशाच कामावर ठरणार आहे.

विज्ञानाची आवड असेल तर झूनिव्हर्स या संकेतस्थळावरचा ग्रॅव्हिटी स्पाय हा प्रकल्प पाहा. लायगोच्या उपकरणांत येणाऱ्या गोंधळाच्या खुणा चित्ररूपात दिसतात आणि त्या आकारांनुसार वेगळ्या करायच्या असतात. पदवी लागत नाही. सामान्य स्वयंसेवकांनी त्यातले काही नवे प्रकार शोधून दाखवले आणि शास्त्रज्ञांनी ते यादीत घेतले. दुधाळ्याची वेधशाळा सुरू होईपर्यंत आपल्या जिल्ह्यातली शेदोनशे मुले हे काम करत असावीत, असे मला मनापासून वाटते.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी स्मार्ट इंडिया हॅकेथॉनसाठी संघ बांधावा. संघ ६ जणांचा असतो आणि त्यात किमान एक मुलगी असणे बंधनकारक आहे. एकाच वर्गातले सहा प्रोग्रामर घेण्याऐवजी एक शेतीचे शिकणारा, एक चांगले बोलणारी, एक डिझाइन जाणणारा असे जमवा.

स्वतःची ओळख लिहिताना "मेहनती, प्रामाणिक, शिकण्याची तयारी" असे लिहू नका. काय करून दिले ते लिहा: "बचत गटाच्या ४ उत्पादनांचे फोटो काढून, पार्श्वभूमी साफ करून, व्हॉट्सअ‍ॅप कॅटलॉग तयार केला." सोबत त्याची लिंक.

आणि सावध राहा. घरबसल्या डेटा एंट्रीच्या नावाखाली आधी नोंदणीचे पैसे, मग लांबलचक करार, मग "चुका जास्त निघाल्या, दंड भरा" आणि वकिलाच्या नावाने नोटीस, हा सापळा जुना असला तरी अजून मुले त्यात अडकतात. टेलिग्रामवर व्हिडिओला लाइक करण्याचे पैसे देणारे पहिले दोन दिवस खरोखर शंभर-दोनशे रुपये पाठवतात आणि मग मोठी रक्कम 'गुंतवायला' लावतात. काम देणारा तुमच्याकडून पैसे मागत असेल तर ते काम नव्हे. नोटिशीला घाबरून पैसे भरू नका, घरात लपवू नका. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करा आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. पहिल्या काही तासांत कळवले तर पुढच्या खात्यात गेलेली रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

काम संपल्यावर

काम संपते त्या दिवशीची कामे सगळ्यांत जास्त राहून जातात. वेबसाइटचे नाव कोणाच्या मेलवर नोंदले आहे ते पाहा. ज्या मुलाने साइट बनवली त्याच्याच खात्यात ते असेल आणि तो दोन वर्षांनी दुसऱ्या नोकरीत, दुसऱ्या नंबरवर गेला असेल, तर कंपनीचे नाव हातचे जाते. नोंदणी सुरुवातीपासून कंपनीच्या मेलवर करावी. राहिली असेल तर शेवटचा हप्ता देण्याआधी बदलून घ्यावी. फेसबुक पान, गुगल नकाशावरची दुकानाची नोंद, कॅटलॉग यांचे मालकी हक्क तपासा. बाहेरच्या माणसाला दिलेल्या फोल्डरच्या परवानग्या काढा, पासवर्ड बदला. सगळ्या अंतिम फाइलींची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन कंपनीच्या कपाटात ठेवा. काम चांगले झाले असेल तर त्या माणसाला लिंक्डइनवर किंवा ज्या मंचावर तो भेटला तिथे दोन-तीन ओळींचा खरा अभिप्राय लिहा, काय केले आणि किती दिवसांत केले ते नमूद करून. त्याचा नंबर, त्याचे दर आणि त्याच्यासोबत काय जमले, काय जमले नाही हे शीटच्या शेवटच्या पानावर टिपून ठेवा. पुढच्या हंगामात २०० ग्रॅमचे पाऊच काढायचे ठरेल तेव्हा ते पान लागेल.